ठासणीचा दांडा

माणसाच्या जिवाचं रक्षण करण्याइतकं पवित्र काम सरकारकडे दुसरं नाही. हे वाक्य माझं नाही. माझ्या नेमणुकीच्या पत्राला एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक जोडलेलं होतं, त्यातलं ते पहिलं वाक्य. दुसरं वाक्य असं होतं, की उमेदवाराने सायकल स्वतःची आणावी.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं होती. मी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि खाणींच्या सुरक्षिततेचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्यात तांत्रिक सहाय्यक म्हणून रत्नागिरीतच लागलो होतो. वडील शाळेत भूगोल शिकवत. मुलगा बँकेत जावा अशी त्यांची इच्छा होती. पत्र आलं तेव्हा त्यांनी ‘केंद्र सरकार’ हे शब्द शेजाऱ्यांना ऐकू जातील असे वाचले आणि ‘खाण’ हा शब्द मनातल्या मनात. एक वर्ष प्रोबेशन होतं. त्या वर्षात वरिष्ठांचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर घरी.

कार्यालय म्हणजे बर्फाच्या वखारीच्या वरच्या दोन खोल्या. खाली पहाटेपासून मासळीसाठी बर्फ फुटत असे, वर आम्ही जिवाचं रक्षण करत असू. आमच्या साहेबांना परिपत्रकं पाठ होती. बोलताना ते एखाद्या वाक्यानंतर थांबत, समोरच्याने ते लिहून घ्यावं म्हणून. माणूस वाईट नव्हता. त्यांना अपघात आवडत नसत, कारण अपघाताचा अहवाल सात प्रतींत करावा लागे.

नोकरीच्या चौथ्या दिवशी मी पहिला अपघात पाहिला. दापोलीच्या बाजूला काळ्या दगडाची एक खाण होती. आदल्या दिवशी तिथे सुरुंगांची एक ओळ उडवली होती आणि त्यातला एक सुरुंग उडलाच नव्हता. अशा न उडालेल्या सुरुंगाला खाणीवर मुका म्हणतात. तो दारूसकट खडकात बसून राहतो आणि वरून काही दिसत नाही. सकाळी एका माणसाने नेमकी तिथेच पहार घातली. आम्ही एसटीने पोचलो तेव्हा तो माणूस छातीपर्यंतच धड उरला होता. चेहऱ्याच्या जागी जे होतं त्याला माशा लागल्या होत्या आणि त्याची बायको पदराने त्या हाकलत बसली होती. उजवा हात तिसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीत सापडला, तोही कावळ्यांमुळे. साहेबांनी टेप काढली आणि दुसरं टोक माझ्या हाती देऊन जाळीपाशी उभं केलं. मी तिथेच ओकलो. साहेबांनी आकडा लिहिला आणि टेप ढिली धरू नका म्हणाले.

त्यानंतर मी मुक्या सुरुंगाचा नियम पाठ केला. एक जरी आवाज कमी आला तरी तीस मिनिटं कोणी पुढे जायचं नाही. वात ओली असली किंवा आतून तुटत आली असली, तर ती हळूहळू जळत राहते आणि माणसं जवळ आली की मग सुरुंग उडतो. नियम चांगला होता. फक्त तो पाळायला आवाज बरोबर मोजणारा माणूस लागतो.

तसा माणूस मला दोन महिन्यांनी भेटला. चिपळूणच्या बाजूला, रस्त्याची खडी काढण्याच्या एका खाणीवर तो सुरुंग लावायचा. पन्नाशीचा, काटक, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. तरुणपणी लोखंडी पहारेने दारू ठासताना ठिणगी पडून ती गेली होती. त्या दिवसापासून त्याने लोखंड कधी सुरुंगाच्या भोकात घातलं नव्हतं. त्याचा स्वतःचा लाकडी दांडा होता, हाताच्या घामाने काळा झालेला, एका टोकाला चिरलेला आणि सुतळीने बांधलेला.

त्याची मोजायची रीत साधी होती. जितके सुरुंग ठासले तितक्या काजूच्या बिया तो डाव्या मुठीत धरायचा. बत्ती देऊन आडोशाला बसला की प्रत्येक आवाजाला एक बी खाली सोडायचा. शेवटी मूठ रिकामी झाली तर शिट्टी मारायचा. बी उरली तर शिट्टी नाही, मग मालक येऊन आईबहिणीवरून शिव्या देवो नाहीतर आणखी काही करो. उरलेली बी तो कधी भाजून खात नसे. ती खाणीच्या राखणदाराच्या, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाच्या, दगडापुढे ठेवायचा. मी गेलो त्या दिवशी तिथे तीन होत्या.

मी नवा होतो, म्हणजे नियम मला पाठ होते. मी त्याचा दांडा मोजला. तो पुस्तकातल्या मापापेक्षा आखूड होता आणि चिरलेला होता. मी तपासणीच्या वहीत शेरा मारला, की ठासणीचा दांडा मापाप्रमाणे नाही, नवीन करून घ्यावा. त्याने शेरा वाचून घेतला आणि विचारलं, “धाकले सायेब, तुमी कदी ठासलंव?” मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “मंग ऱ्हावं दे,” आणि आपला दांडा उचलून कामाला गेला.

पुढच्या खेपेला खाणीवर नवा दांडा तयार होता. मालकाने तो शिसवीचा करून घेतला होता, लेथवर फिरवलेला, वर पॉलिश, टोकाला पितळी कडं. पितळी कडं मी सुचवलं नव्हतं. चौकीच्या भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी होती, तिच्याखाली दोन खिळ्यांवर तो आडवा ठेवला होता. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळाली. ठासायला कोणी तो खाली काढला नाही. मी वहीत लिहिलं, पूर्तता झाली.

मग सुरक्षा सप्ताह आला. वर्षातून एकदा सगळ्या खाणींवर पताका लागत, घोषवाक्यं रंगवली जात, गुण दिले जात आणि शेवटच्या दिवशी मोठा समारंभ होई. त्या वर्षी समारंभासाठी हीच खाण निवडली, कारण मालकाने मांडवाचं आणि जेवणाचं अंगावर घेतलं होतं. मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते. कार्यक्रमपत्रिका साहेबांनी स्वतः तयार केली. अकरा वाजता आगमन, अकरा दहाला सुरुंगाचं प्रात्यक्षिक, सात भोकं, सात आवाज. त्यानंतर मान्यवरांनी फुटलेल्या दगडाच्या राशीवर चढून फोटो काढायचा. राशीच्या पायथ्याशी आधीच गालिचा आणि सात खुर्च्या ठेवलेल्या होत्या, त्यांना दगड लागू नये म्हणून थोड्या बाजूला. आवाज मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. सात आले तर खाणीला सुरुंगकामाचे पूर्ण गुण. साहेबांनी मला असंही सांगितलं होतं, की माझ्या प्रोबेशनचा शेरा ते त्याच आठवड्यात लिहिणार आहेत.

सकाळी राखणदाराला कोंबडा दिला. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने सरकार, साहेब आणि पाहुणे यांची नावं घेऊन सगळ्यांना सांभाळ म्हटलं आणि कोयत्याने मुंडी उडवली. धड पताकांखालून फडफडत गेलं आणि मांडवातल्या खुर्च्यांवर घातलेल्या पांढऱ्या अभ्र्यांवर रक्त शिंपडून पडलं. मालकाच्या मेहुण्याने अभ्रे उलटे करून घातले. हा मेहुणा खाणीचं सगळं पाहत असे. पांढरा सफारी, पायांत पांढरे बूट, आणि मजुरांना बोलावताना नावाऐवजी खडा मारण्याची सवय.

सुरुंगवाल्याने साडेदहाला सातही भोकं ठासून ठेवली होती. अकरा वाजले, बारा वाजले, पाहुणे आले नाहीत. दव पडलेलं होतं, खडक पाझरत होता. भरलेले सुरुंग ताटकळत ठेवू नयेत, आता उडवू आणि पाहुण्यांसाठी दुपारी दुसरे भरू, असं तो दोनदा सांगून गेला. साहेब म्हणाले, कार्यक्रमपत्रिका छापलेली आहे.

एक वाजता पाहुणे आले. हार झाले, तांबडं निशाण वर गेलं, सुरुंगवाल्याने विडी पेटवली, सातही वातींना लावली आणि चालत आडोशाला गेला. धावत तो कधी जात नसे. मांडव नियमाप्रमाणे लांब होता. मी वही घेऊन कडेला बसलो. पहिला सुरुंग उडाला, दुसरा उडाला, प्रत्येकाला खडक खालून लाथ मारल्यासारखा हलत होता. तिसऱ्याला पाहुणे दचकून खुर्चीतून उभे राहिले.

आता मेहुण्याला एक काम दिलेलं होतं. पाहुणे फोटोसाठी उठले की मांडवामागे अ‍ॅटमबॉम्ब लावायचा. पाहुणे उठले. त्याने लावला.

माझ्या वहीत सात रेघा झाल्या. सातवी रेघ ओढताना मला मांडवामागून उडालेले तांबड्या कागदाचे कपटे खाली येताना दिसत होते. एक कपटा वहीवरच पडला. मी तो फुंकरीने उडवला.

शिट्टी झाली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाहुणे राशीकडे निघाले, मागे मालक, मागे हार सांभाळत मान्यवर, पुढे रत्नागिरीहून आणलेला फोटोग्राफर. सुरुंगवाला आडोशामागून आला आणि वाटेत आडवा उभा राहिला, दोन्ही हात पसरून, डावी मूठ मिटलेली.

“सा वाजले,” तो म्हणाला. “येक आत हाय.”

मालक म्हणाला की सगळ्या गावाने सात ऐकले आहेत.

“येक फटाका व्हता. फटाका कानात वाजतो, सुरुंग पायात वाजतो. पायात साच वाजले.”

साहेब माझ्याकडे वळले. सगळेच वळले. सुरुंगवालाही. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात विनंती नव्हती. आपल्यासारखंच दुसऱ्या कोणीतरी मोजलं आहे, एवढाच भरवसा होता. साहेबांनी विचारलं, “तुमच्या वहीत किती आहेत?”

मी म्हणालो, “वहीत सात आहेत.”

हे उत्तर खोटं नव्हतं. पुढे बत्तीस वर्षं मी अनेक उत्तरं याच पद्धतीने दिली.

मेहुणा पुढे झाला आणि त्याने सुरुंगवाल्याच्या कानाखाली मारली. सुरुंगवाला हलला नाही. दुसरी मारली तेव्हा त्याने मेहुण्याच्या छातीत दोन्ही मुठींनी असा धक्का दिला की तो सफारीसकट कोंबड्याच्या रक्तात बसला. कोणीतरी हसलं. त्या हसण्याने सगळं पेटलं. मालकाची पाचसहा माणसं एकदम तुटून पडली. त्याला केसांना धरून खाली पाडलं, तोंडावर लाथा घातल्या, एकाने त्याच्या मानेवर गुडघा दाबला. तरीही तो सरपटत परत वाटेत येत होता आणि ज्याचा पाय हाताला लागेल तो पकडून ठेवत होता. मेहुण्याने त्याच्या हातातून पाय सोडवायला वाकून त्याचे डोळे दाबले, तेव्हा त्याने मेहुण्याच्या मनगटाचा लचका तोडला आणि थुंकला.

मेहुणा ओरडत चौकीत गेला आणि भिंतीवरचा शिसवी दांडा घेऊन आला. खिळ्यांवरून तो त्या दिवशी प्रथमच निघाला. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला सुरुंगवाल्याने डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि मनगट मोडल्याचा आवाज मांडवापर्यंत आला. ओला फाटा मोडतो तसा. पंजा भलत्याच दिशेला लोंबायला लागला. चौथ्या फटक्याला दांडा मधोमध तुटला.

एवढ्यात खालच्या कड्यावरचे फोडकरी वर आले, हातात घण आणि हातोडे. मग कोण कोणाला मारत होतं हे सांगणं कठीण आहे. खुर्च्या उडाल्या. एका माणसाच्या डोक्यावर सुरक्षेची पाटी बसली आणि खिळ्याने कपाळ भुवईपर्यंत फाटलं. जेवणाच्या पातेल्यातलं उकळतं सार कोणीतरी कोणाच्या तरी पाठीवर ओतलं. पाहुणे एका खांबाला धरून उभे होते. त्यांनी साहेबांना विचारलं, की हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का. साहेबांनी सवयीने कागद काढून पाहिला.

मी मध्ये पडलो, असं मी पुष्कळ वर्षं सांगत असे. खरं म्हणजे मला मागून ढकललं. खांद्यावर एक फटका बसला, तो कोणत्या बाजूचा होता ते कळलं नाही. मी ‘फटाका होता, फटाका होता’ असं म्हणत होतो, हे खरं आहे. आता त्याचा कोणाला उपयोग नव्हता. मी खाली पडल्यापडल्या घड्याळ पाहिलं. शेवटच्या आवाजाला सव्वीस मिनिटं झाली होती, आणि या सव्वीस मिनिटांत राशीकडे एकही माणूस गेला नव्हता. फोटोग्राफरसुद्धा मारामारीचे फोटो काढायला परत फिरला होता.

सातवा सुरुंग तेव्हा उडाला.

आधी पायात वाजला. मग खडकाचा अख्खा ओठ सुटून राशीवर आला आणि राशीतून दगड गोफणीतून सुटावेत तसे सुटले. गालिचा मधोमध फाटला. सात खुर्च्यांपैकी एकीचाही पाय शिल्लक राहिला नाही. पाहुण्यांच्या खुर्चीतून चुलीएवढा धोंडा आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला. मांडवात लहान दगड गारांसारखे आले. बहुतेक जण आधीच जमिनीवर होते, कोणी कोणाच्या खाली, कोणी कोणाच्या वर, म्हणून वाचले. मेहुणा तेवढ्यात उभा राहिला होता. मुठीएवढा दगड त्याच्या जबड्यावर बसला. तो खाली बसला, ओंजळ तोंडाखाली धरली आणि ओंजळीत दात पडले. त्याने ते मोजल्यासारखे पाहिले आणि आडवा झाला.

धुरळा बसला. सुरुंगवाला डाव्या कोपरावर उठून बसला. त्याचा एक डोळा बंद झाला होता, ओठ फाटून हनुवटीवर आला होता. त्याने डावी मूठ माझ्यासमोर आणली. दोन बोटं नसलेली ती मूठ एवढा वेळ मिटलेलीच होती. एवढा मार खाताना आणि देताना ती त्याने उघडली नव्हती. ती आता उघडली आणि काजूची बी माझ्या वहीवर टाकली.

“सात,” तो म्हणाला. “आता ल्ह्या.”

मी लिहिलं नाही. सात तर आधीच लिहिलेले होते.

जखमींना खडीच्या ट्रकमधून चिपळूणला नेलं. साहेब रात्रभर जागून अहवालाला बसले नाहीत, कारण अहवालाची गरज नव्हती. समारंभासाठी खाणीला अधिकृत सुट्टी होती, म्हणून जबडा खाणकामात मोडलेला नव्हता. मनगट खाजगी भांडणात मोडलं होतं. कपाळ, पाठ आणि इतर अवयव निमंत्रितांचे होते. गुणांचा तक्ता आदल्या संध्याकाळीच भरलेला होता, फक्त सुरुंगकामाचा रकाना राहिला होता, आणि त्यासाठी माझी वही होती. सात भोकं, सात आवाज. त्या खाणीला पहिलं बक्षीस मिळालं. मला कायम केल्याचं पत्र पुढच्या महिन्यात आलं, आणि वडिलांनी ते सबंध मोठ्याने वाचलं.

सुरुंगवाल्याला कामावरून काढलं. मी एकदा त्याच्या वाडीवर गेलो. गावातल्या माणसाने बसवलेला हात वाकडा जुळला होता. त्या हाताने दांडाच काय, तांब्याही धरता येत नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं, बायकोला कोकमाचं सरबत करायला लावलं, आणि खाणीवर आता ठासतो कोण ते विचारलं. मी सांगितलं, की मेहुण्याने आणलेला एक नवा माणूस. “कशान ठासतो?” मी म्हणालो, पहारेने. मग आत जाऊन त्याने आपला काळा पडलेला, सुतळी बांधलेला दांडा आणला आणि माझ्या हाती दिला. त्या माणसाला द्या म्हणाला.

मी तो घेऊन खाणीवर गेलो. नव्या माणसाने तो हातात फिरवून पाहिला आणि मालकाकडे पाहिलं. मालकाने माझ्याच जुन्या शेऱ्यावर बोट ठेवलं, हा मापाप्रमाणे नाही. चौकीच्या भिंतीवर दोन खिळे रिकामे होते. तपासणीची वही समोर होती आणि परतीची एसटी यायला वीस मिनिटं होती. मी शेरा लिहिला, की ठासणीचा दांडा मोडलेला आढळला, त्वरित नवीन करून घ्यावा.

माझ्या संपूर्ण नोकरीत दुसऱ्याच दिवशी पूर्तता झालेला हा एकच शेरा. या वेळी खिळ्यांवर चढलेल्या दांड्याला पितळी कडं दोन्ही टोकांना होतं.